साठात एक

या घरातले सगळे मोठे निर्णय न खपलेल्या सोफ्यांवर बसून झाले होते. घर दुकानाच्या वरच होतं, दोन मजल्यांचं. पण वर सगळे एकदम मावतील अशी खोली नव्हती आणि खाली शोरूममध्ये बसायच्या जागेला तोटा नव्हता. त्यामुळे काही अडलं-नडलं की रविवारी शटर अर्धं ओढून अण्णा खाली बैठक बोलवत. थोरल्या मुलाला शोरूम आणि धाकट्याला मागचा कारखाना ही वाटणी इथंच झाली. दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आधी यावं यावरून अण्णांनी सख्ख्या भावाशी जन्माचं बोलणं सोडलं, तेही इथंच. सोफ्यांवरचं प्लास्टिक काढायची परवानगी कोणालाच नव्हती. कोणी अस्वस्थ होऊन हललं की ते करकरायचं, आणि कुठला मुद्दा कोणाला टोचला हे न बोलताच कळायचं.

या रविवारचा विषय होता धाकट्या सुनेच्या पोटातलं बाळ. म्हणजे बाळही नव्हे. एक आकडा.

धाकटी जिना उतरून खाली आली तेव्हा सगळे आपापल्या जागी बसले होते. अण्णा एकट्याच्या खुर्चीत. सासूबाई आणि माहेरीच राहणारी नणंद, ताई, तीन माणसांच्या सोफ्यावर शेजारीशेजारी, म्हणजे त्या दोघींचं आधीच बोलणं झालं होतं. थोरला गल्ल्याच्या टेबलाला टेकून उभा, आणि त्याची बायको सगळ्यांपासून लांब, नमुन्याच्या एका स्टुलावर, नखं पाहत. धाकट्यानं बायकोला बघून शेजारची जागा हातानं पुसली. गेले दोन दिवस तो असंच काहीतरी पुसत होता.

कारण हे सगळं त्याच्यामुळे झालं होतं.

सदतिसाव्या वर्षी, दोनदा पदरी निराशा आल्यावर, तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तिसरा महिना सरता सरता डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे रक्ततपासणी सांगितली. रक्त तिचं काढलं, चक्कर त्याला आली. नर्सनं त्याला बाकावर आडवं केलं, पाणी पाजलं आणि तिला विचारलं, "हे बाळंतपणाला येणार आहेत का? नाही, दोन खाटा ठेवायला."

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांनी शांतपणे, हातातलं पेन खाली ठेवून सांगितलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. कधीकधी एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन येतात. अशी मुलं सावकाश शिकतात, काहींच्या हृदयात दोष असतो, चेहरेपट्टीही थोडी वेगळी असते. "तुमच्या रक्तावरून, सोनोग्राफीवरून आणि वयावरून ही शक्यता साठात एक निघालीय. म्हणजे असा आकडा आलेल्या साठ बायका इथं बसवल्या, तर एकोणसाठजणींच्या बाळांना हे नसेल. ही चाळणी आहे, निदान नव्हे. नक्की कळायचं असेल तर पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासावं लागेल. त्यात गर्भ जाण्याचा धोका अगदी थोडा आहे, पण नाहीच असं नाही. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि कळल्यावर पुढे काय, तेही तुम्हीच."

परतताना रिक्षात तिनं नवऱ्याकडून वचन घेतलं होतं, की एवढ्यात कोणालाही सांगायचं नाही. त्यानं ते तंतोतंत पाळलं. कोणालाही सांगितलं नाही, फक्त आईला सांगितलं. आईनं कोणालाही सांगितलं नाही, फक्त लेकीला सांगितलं. लेकीनं, सगळ्या गोष्टींवर विज्ञानाच्या दृष्टीनं चर्चा झाली पाहिजे म्हणून, थोरल्या भावाला सांगितलं. थोरल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यानं अण्णांना सांगितलं. अण्णांनी बैठक बोलावली. थोरलीला मात्र कोणी काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला सगळ्यात आधी कळलं होतं.

"बस," अण्णा म्हणाले. "मोकळेपणानं बोलू. घरातलीच माणसं आहेत."

"तेच तर," थोरली नखांकडे बघत म्हणाली.

अण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "तर साठ टक्के आहे म्हणे."

"साठ टक्के नाही, साठात एक," धाकटी म्हणाली.

"तेच ते," थोरला म्हणाला. थोरल्याला आकडे फक्त सवलतीच्या रूपात समजत. "साठ टक्के म्हणजे फार झालं. साठ टक्के आपण जुना माल काढतानासुद्धा देत नाही."

"अरे साठ टक्के नव्हे!" ताई पुढे सरकली, सोफा करकरला. ताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि घरातही तास घेतल्यासारखीच बोलायची. तिनं टेबलावरचा कापडाच्या नमुन्याचा पुठ्ठा ओढला, उलटा केला आणि पेनानं गुणसूत्रांच्या जोड्या काढायला सुरुवात केली. "हे बघा. हे एक, हे दोन..."

चौदाव्या जोडीपाशी पुठ्ठा संपला.

"एकवीस कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"ते मागच्या बाजूला येईल."

मागच्या बाजूला मखमल चिकटवलेली होती. जीवशास्त्र तिथंच थांबलं.

"मी एक विचारते," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे सावध झाले. कारण सासूबाई विचारायच्या तेव्हा उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं. "हे येतं कोणाकडून? आमच्या घराण्यात तरी असलं काही नाही."

धाकटीनं घराण्याकडे एक नजर टाकली. गुणसूत्रं अगदी सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मोजून मिळालेली माणसं होती ती. त्यांतल्या एकानं पाटीवरच्या नावासाठी सख्खा भाऊ सोडला होता. दुसऱ्याच्या हाती चालतं शोरूम दिलं होतं, ते त्यानं तीन वर्षांत बसतं केलं होतं. ताईनं प्रेमविवाह केला आणि सहा महिन्यांत नवऱ्याला 'अभ्यासू नाही' म्हणून परत पाठवलं. आणि घराण्याचा पुढचा दिवा, थोरल्याचा एकुलता एक, निदान तीन अभ्यासक्रमांचा पहिला महिना उत्तम रीतीनं पूर्ण करून सध्या वरच्या मजल्यावर झोपला होता. घराण्यात असलं काही नाही, हे खरंच होतं. जे होतं त्याची अजून तपासणी निघायची होती.

"बहुतेक वेळा कोणाकडूनच येत नाही, आई," ती म्हणाली. "आपोआप होतं. वय वाढलं की शक्यता वाढते, एवढंच."

"वय कोणाचं?"

"माझं."

"मग तेच विचारत होते मी," सासूबाई समाधानानं मागे टेकल्या.

धाकटीला एकदम तिचा तलाव आठवला. ती मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. चांगली कर्तीसवरती माणसं पाय निसटला की हातपाय झाडत, नाकातोंडात पाणी घालून घेत, शेजारच्याला ओढून बुडवायला बघत. आणि पाणी कमरेएवढंच असे. ती काठावरून ओरडायची, "पाय टेका! नुसते पाय टेका!" ऐकू कोणालाच जायचं नाही. तेवढ्या मोठ्यानं ती इथं ओरडली असती, तर मात्र सगळे 'हिचा रक्तदाब बघा' म्हणाले असते.

"मुद्दा असा," थोरला घसा खाकरून म्हणाला, "की भावनेच्या भरात जाऊन उपयोग नाही. पुढचा विचार करा. तुम्ही दोघं किती दिवस पुरणार? तुमच्यामागे कोण बघणार? शेवटी भार कोणावर येणार?"

"कोणावर?" थोरलीनं विचारलं.

"घरावर."

"घरावर म्हणजे छतावर का भिंतीवर? कारण या घरात आजारी माणसाला पाणी कोण देतं ते मला माहीत आहे. तुमच्यावर भार यायचं काही कारण मला दिसत नाही."

थोरल्यानं बायकोकडे असं पाहिलं, की प्लास्टिक नसतानाही काहीतरी करकरलं.

धाकटीला नवल वाटलं. थोरलीचं आणि तिचं गेल्या वर्षभरात एकच मोठं संभाषण झालं होतं, ते गच्चीवरच्या वाळत घालायच्या दोरीवरून, आणि त्याचा शेवट दोरी कापण्यात झाला होता.

"आता वाद नको," अण्णा म्हणाले. "माझं म्हणणं, ती सुईची तपासणी करून टाका. काय तो निकाल येऊ दे. मग काय करायचं ते आपण सगळे मिळून ठरवू."

"सगळे मिळून म्हणजे कोण कोण?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे आपण सगळे."

"हात वर करून, का चिठ्ठ्या टाकून?"

"हे बघ, उलट बोलू नकोस, या अवस्थेत ते बरं नाही," सासूबाई म्हणाल्या.

अण्णा धाकट्याकडे वळले. "तू का गप्प? तुझं काय मत?"

धाकट्यानं आधी आईकडे पाहिलं, मग दादाकडे, मग ताईच्या पुठ्ठ्याकडे. शेवटी बायकोच्या गुडघ्याकडे पाहत तो म्हणाला, "जे सगळ्यांचं मत पडेल तेच माझं."

बोलून झाल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं. तो पुन्हा सोफा पुसायला लागला. धाकटी किंचित बाजूला सरकली. प्लास्टिक करकरलं, चांगलं लांबलचक.

"हिला कोणी विचारलंय का?" थोरली म्हणाली. "मघापासून सगळे बोलताहेत. पोट हिचं आहे ना? का तेही वाटणीत आलंय?"

मग सगळ्यांनी माना वळवून धाकटीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे तयार असं काही नाही. घरच्यांना तोंड कसं द्यायचं हे तिनं दोन रात्री घोकलं होतं. काय हवंय ते तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

हे उत्तर या शोरूममध्ये आजवर कोणी दिलं नव्हतं. अण्णांनी चहा मागवला.

निदान कळू तरी दे, म्हणून शेवटी सुईला होकार धाकटीनंच दिला. त्या दिवशी धाकटा सकाळपासून तयार होऊन बसला होता, चेहरा मात्र धुतलेल्या चादरीसारखा. निघायच्या वेळी थोरली पायांत चपला सरकवत जिन्यात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुम्ही कारखान्यात जा. तुम्हाला उचलायचं का हिला धरायचं, असं व्हायला नको."

त्याचा अपमान झाला आणि सुटकाही. त्यानं दोन्ही निमूटपणे घेतलं.

दवाखान्यातल्या बाकावर दोघी जावा मध्ये पर्स ठेवून बसल्या. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं होती, सगळी एकाच साच्यातली.

"वहिनी, तुम्ही माझ्या बाजूनं बोललात त्या रविवारी. मला वाटलं नव्हतं."

"गैरसमज नको," थोरली म्हणाली. "मी तुझ्या बाजूनं नाही. मी त्यांच्या विरुद्ध आहे. दोन्हीत फरक आहे." मग थोडं थांबून, "माझ्या वेळी असल्या तपासण्या नव्हत्या. असत्या तरी माझ्याचा निकाल उत्तमच आला असता. एकेक गुणसूत्र जागच्या जागी. कारण झोपायला काही लागत नाही."

धाकटी हसायला लागली ती थांबेना. आतून नाव पुकारलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नर्सला वाटलं घाबरलीय. ती घाबरलेलीही होतीच. आत टेबलावर थोरलीनं तिचा हात इतका घट्ट धरला, की सुईपेक्षा बांगडीच जास्त रुतली.

"मला निकाल सांगू नकोस," परतताना थोरली म्हणाली. "भांडणात माझ्या तोंडून निघून जाईल. मी स्वतःला ओळखते."

निकाल यायला वेळ होता. तेवढ्या दिवसांत घर फार प्रेमळ झालं. सासूबाई तिच्यासमोर फक्त गोंडस मुलांचीच नावं काढत. ताई रोज एक लेख पाठवायची आणि खाली लिहायची, 'घाबरू नकोस, पण वाच.' थोरल्यानं शोरूममधली सगळ्यात महागडी, पाय वर होणारी खुर्ची तिच्या खोलीत आणून ठेवली. प्लास्टिकसकट. गिऱ्हाईक आलं तर परत न्यायची होती.

ती अजून तलावावर जायची. पाण्यात उतरत नसे, काठावरून शिट्टी वाजवायची. हल्ली रस्त्यात तिची नजर ती वेगळी चेहरेपट्टी शोधत फिरायची. एकदा तलावाच्या फाटकाशी तिला तसा एक चेहरा दिसलाच. तिशीचा असेल. त्याची आई त्याला केस नीट पुसले नाहीत म्हणून रागावत होती आणि तो तिला म्हणत होता, "तू कालची ओढणी घातलीस. मी काही बोललो?" दोघं बसथांब्याकडे गेली. धाकटी बराच वेळ बघत राहिली, काहीतरी उलगडेल म्हणून. काहीच उलगडलं नाही. आई दमलेली होती. तो मजेत होता. बस उशिरा आली.

निकाल डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितला, दोघांना. तीन आहेत. एकविसाव्या जागी तीन. साठातली ती एक, ती इथं बसलेली होती. हृदय मात्र आत्ता तरी ठीक दिसतंय, पुन्हा बघू, असंही त्या म्हणाल्या. घाई करू नका, घरी जा, बोला.

ते घरी गेले नाहीत. रविवार होता, कारखाना बंद होता. तिथं लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास होता, नि अर्धवट कापड चढवलेले सोफ्यांचे सांगाडे ओळीनं उभे होते. धाकट्यानं दार आतून लावून घेतलं आणि चक्कर आली नाही याचं त्यालाच नवल वाटलं.

"आता सांग," ती म्हणाली. "इथं आई नाही, दादा नाही, कोणी नाही. सगळ्यांचं मत म्हणजे फक्त आपल्या दोघांचं. तुझं काय?"

तो एका सांगाड्याच्या पट्ट्या उगाच ओढून पाहत राहिला.

"मला भीती वाटते," तो शेवटी म्हणाला.

"तेही मतच आहे. पुढे?"

"पुढे... तू दवाखान्यात गेली होतीस ना, सुईच्या दिवशी. मी इथं पाळणा करायला घेतला. मला वाटलं, हात गुंतलेला बरा. मग मनात आलं, आपण हे निकालाआधीच करतोय. थांबावं. पण थांबलो नाही." त्यानं कोपऱ्याकडे मान वळवली. तिथं पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. "मला हवंय ते. भीतीसकट. तुला नको असलं तर मी तुझ्याबरोबर आहे, खरंच आहे, दादाला काय वाटेल ते वाटो. पण तू मत विचारलंस."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्याचं स्वतःचं असं मत ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती भुशातच खाली बसली. आधी खूप रडली. साठातल्या त्या एकोणसाठजणींचा तिला मनापासून राग आला. कोण कुठल्या त्या, आता स्वस्थ झोपल्या असतील. तिला दमलेली आई आठवली, आणि कालची ओढणी. यात काही थोर नव्हतं. तिच्याकडे खात्री नव्हती, धीरही नव्हता. फक्त 'नको' हा शब्द तिनं मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला आणि तो तिच्या तोंडात बसेना.

"ठेवू या," ती म्हणाली. "आणि हे बघ, कोणालाही सांगायचं नाही. कोणालाही म्हणजे आईलाही."

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा सोफ्यांवर.

"निकाल आला," धाकटी उभ्यानंच म्हणाली. "आम्हाला दोघांना कळलाय. बाळ आम्ही ठेवतोय. तुम्हाला बाकीचं ते जन्मल्यावर कळेल."

सगळे सोफे एकदम करकरले.

"म्हणजे चांगला आहे ना?" अण्णा.

"बाळ जन्मल्यावर."

"अगं पण आम्हाला तयारी नको का?" ताई.

"करा की. दोन्हीची करा."

"हा काय पोरखेळ आहे?" थोरला भावावर घसरला. "तू तरी बोल!"

धाकट्यानं सवयीनं आईकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. सगळ्या शोरूमनं श्वास रोखला.

"दादा, ती खुर्ची गिऱ्हाइकासाठी परत लागणार असेल तर आजच ने," तो म्हणाला. "तिचं प्लास्टिक हिला टोचतं."

स्टुलावर बसलेल्या थोरलीला जोराचा ठसका लागला.

त्यानंतर घरानं जे काही केलं, ते कुठल्याही तपासणीत दिसलं नसतं. अण्णांनी आडून आडून सात वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिलं आणि मग वकिलाला बोलावून कारखान्याच्या कागदांत 'येणाऱ्या अपत्याची कायमची सोय' अशी एक ओळ घालून घेतली. चांगला निकाल असला तरी वाया जात नाही, असं म्हणाले. ताईनं एवढं वाचलं की तिचे विद्यार्थी हैराण झाले. आता ती 'बिचारी मुलं' म्हणणाऱ्यांना भर रस्त्यात थांबवून सुधारायची. थोरल्यानं खुर्चीचं प्लास्टिक फाडलं. स्वतःच्या हातानं. मग दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

फक्त सासूबाईंनी एका शब्दानंही विचारलं नाही.

सातवा महिना लागला तेव्हा एका दुपारी त्या धाकटीच्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं. पलंगाच्या कडेला बसल्या.

"पाय इकडे कर. सुजलेत."

धाकटीनं संकोचून पाय आखडले, तर त्यांनी घोटा धरून सरळ मांडीवर ओढला आणि चेपायला लागल्या. दाबणं रागावल्यासारखंच होतं.

"दुपारी जेवणं आटपली की पाच वाजेपर्यंत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या तलावावर जा. रात्रीचं मला जमणार नाही, माझी झोप मोडली की मोडते. आणि सावकाश शिकेल तर सावकाश शिकेल. मला तरी कुठं कुठली गाडी पकडायचीय."

धाकटी ताठ बसली. "आई, कोणी सांगितलं तुम्हाला? यांनी?"

"तो? छे. त्यानं पहिल्यांदाच तोंडाला कुलूप लावलंय. मी दोनदा हलवून पाहिलं." त्यांनी दुसरा पाय घेतला. "निकाल चांगला असता ना, तर तू त्याच रविवारी तो आमच्या एकेकाच्या तोंडावर फेकला असतास. माझ्या तर दोनदा. नऊ वर्षं बघतेय तुला. सोडणाऱ्यांतली नाहीस."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. खालून थोरल्याचा आवाज येत होता. तो कोणाला तरी फोनवर ठासून सांगत होता, की निकाल उत्तम आहे, आम्हाला पहिल्यापासून खात्री होती.

"बाकीच्यांना सांगू का आता?" धाकटीनं विचारलं.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना अजून आशा आहे. आशा असली की माणसं जरा बरी वागतात."